केसभर वाकड्या पिना

आमचा म्हातारा जूमार्त तीस वर्षं कारा-ओय गावातला एकटाच गाड्यांचा मिस्त्री होता. सामुदायिक शेतीच्या काळात तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये काम शिकला. शेड मोडलं तेव्हा तिथली लेथ ट्रॉलीवर घालून त्याने घरी आणली आणि अंगणात गाडीखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा खणला. नारिन शहराच्या रस्त्यावर खोकणारी प्रत्येक जीप मग आमच्याच दारात यायची. मी चहा टाकायचे, मैद्याचे बुरसाक तळायचे, आणि सगळ्या खोऱ्याच्या बातम्या मला घरबसल्या मिळायच्या. कुणाची घोडी व्याली, कुणाच्या सुनेने माहेर गाठलं, सगळं आधी मला कळायचं.

मग एस्तेबेस आला.

तो आमच्याच गावचा, पण अकरा वर्षं रशियात गिअरबॉक्सच्या कारखान्यात राबला होता. परतला तो व्हॅनभर हत्यारं घेऊन, आणि आमच्यापासून तिसऱ्या घरात त्याने काम सुरू केलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. पहिल्याच दिवशी साखरेची थैली आणि सदऱ्याचं कापड घेऊन आमच्याकडे आला. खाली मान घालून म्हणाला, "जूमार्त अके, तुम्ही थोरले. तुमचा आशीर्वाद असल्याशिवाय मी पाना हातात धरणार नाही."

म्हाताऱ्याने दोन्ही हात वर करून तोंडभर आशीर्वाद दिला. त्या दिवसापासून त्याच्या जेवणातली चव गेली.

एका महिन्यात आमचा खड्डा ओस पडला. म्हातारा गवत उलटायला छपरावर चढायला लागला. गवत चार पेंढ्या, आणि वर बसायचा दोन तास. तिथून एस्तेबेसचं अंगण स्वच्छ दिसतं.

"काय रे, आज किती?" मी खालून विचारलं.

"कसले किती?"

"गवताच्या काड्या."

"सात," तो म्हणाला आणि शिडी उतरला. उतरता उतरता पुन्हा म्हणाला, "त्यातल्या दोन आपल्या. ओमुरझाकची निळी आणि शाळेची. त्या शाळेच्या गाडीचा क्लच मी चार वेळा बसवलाय!"

मी हसले, पण हसू वरवरचं होतं. कारण बातम्याही आता तिसऱ्या घरी जात होत्या. दुकानात एस्तेबेसची बायको मला सांगायची, "अगंबाई, साल्कीन एजे, तुम्ही थोरल्या, आणि तुम्हाला ठाऊक नाही?" तिचा तो 'अगंबाई' ऐकला की मी सुटे पैसे न मोजताच घरी यायचे.

त्या वसंतात बुरुलकानची जीप मोडली. बुरुलकान आमच्या भागाची जनावरांची डॉक्टर. चाळिशीची, एकटी, आवाज गड्यासारखा. तिच्या बापाची जुनी गाझ जीप घेऊन ती उन्हाळाभर वरच्या कुरणांवर, जायलूवर, मेंढ्यांना लस टोचत फिरायची. तिच्यापेक्षा वयाने मोठी असलेली ती जीप आधी आमच्या दारात आली. म्हाताऱ्याने गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे दात झडले होते आणि खोक्याला आडवी चीर गेली होती.

"हा मेला," तो म्हणाला. "तीन गिअरचा हा बॉक्स आता कुठेच मिळत नाही. गाडी विक, बुरुलकान."

"बापाची गाडी आहे, अके."

"मग अंगणात ठेव. कोंबड्या बसतील."

हे त्याने बोलायला नको होतं. खरं तर तो दोन दिवस विचार करणार होता, मला माहीत आहे. पण आपल्याला जमत नाही असं सरळ म्हणणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो चेष्टा करतो. बुरुलकानने जीप दोरी बांधून ओढत तिसऱ्या घरी नेली.

एस्तेबेस म्हणाला, "जमेल. उआझ जीपचा चार गिअरचा बॉक्स बसवू."

म्हातारा छपरावरून रोज पाहत होता. तीन आठवडे ते काम चाललं. उआझच्या बॉक्सची भोकं गाझच्या इंजिनाला जुळत नाहीत, म्हणून एस्तेबेसने जाड पोलादी चकती कापून दोघांच्या मध्ये बसवली. बॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या शाफ्टमध्ये ज्या छोट्या पितळी नळीत, म्हणजे बुशात, टेकतो तो नवा केला. मागचा लांब शाफ्ट कापून आखूड केला आणि पुन्हा जोडला. आधी म्हातारा नाक मुरडायचा. मग मान पुढे काढून बघायला लागला. एकदा मात्र जेवताना आपोआप म्हणाला, "चकती सुरेख कापलीय रांडेच्याने." आणि ताट सरकवलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एस्तेबेसने दुकानापुढे चार माणसांत एक किस्सा सांगितला. जीपच्या इंजिनामागे क्लचचं जे लोखंडी घर असतं, ते ज्या दोन पिनांवर बसतं त्या पिना वाकड्या निघाल्या म्हणे. "कुठल्यातरी खेडवळाने कानशीने घासून ठोकल्या होत्या," तो म्हणाला. "फेकून दिल्या आणि सरळ पिना घातल्या." सगळे हसले. ती बातमी मला दुकानात मिळाली, 'अगंबाई' सकट.

मी घरी येऊन सांगितलं. म्हातारा कानशीला तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"तो खेडवळ मी," तो म्हणाला.

बावीस वर्षांपूर्वी बुरुलकानच्या बापाने जीप नदीत घातली होती. तेव्हा क्लचचं ते घर फुटलं, आणि म्हाताऱ्याने दुसऱ्या इंजिनाचं घर आणून लावलं. ते केसभर खाली बसत होतं. मध्य जुळावा म्हणून त्याने मुद्दाम, चार दिवस घासून, त्या पिना केसभर वाकड्या केल्या होत्या. सरळ पिना घातल्यावर दोन्ही शाफ्ट एका रेषेत येणारच नव्हते.

"मग जा आणि सांग त्याला," मी म्हटलं.

"मला विचारलं कुणी?"

जीप तयार झाली. बुरुलकान पहिल्यांदा आमच्या दारावरून गेली तेव्हा आम्ही दोघं फाटकात उभे होतो. तिने हात केला. वळणावर तिने क्लच दाबला आणि म्हाताऱ्याची मान कलली. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती पसरली की मला ती पाहवेना.

"काय झालं?"

"शिट्टी. क्लच दाबला की बुश शिट्टी मारतोय. शाफ्ट तिरका टेकलाय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण तो रोज सकाळी फाटकात जायचा आणि ती गेली की मला सांगायचा: आज शिट्टी जाड झाली, आज खरखर आली. एखाद्याच्या दुखण्याची चौकशी करावी तशी गोडीने. आठव्या दिवशी तो शेडमध्ये गेला आणि लेथवर पितळी तुकडा लावून काहीतरी कातत बसला. मी विचारलं तर म्हणाला, "असंच. हात चालू राहावा म्हणून."

तो बुश होता, नेमक्या मापाचा. तो कातायला त्याचे हात तयार होते, पण तीन घरं चालून जायला पाय तयार नव्हते.

आणि मी तरी कुठे गेले? मी रोज दुकानात जात होते. तिथे एस्तेबेसची बायको माझ्यासमोर उभी असायची. एक वाक्य बोलायचं होतं. मी साबण घेऊन घरी यायचे.

जुलैच्या सुरुवातीला, भर दुपारी, वरून एक मेंढपाळ घोड्यावर बातमी घेऊन आला. बुरुलकान घाटाच्या उतारावर असताना गिअर आपोआप निसटला आणि पुन्हा पडेना. बुश वितळून चिकटला होता, हे म्हाताऱ्याने लगेच ओळखलं. क्लच दाबला तरी शाफ्ट फिरतच राहिला. नुसत्या ब्रेकवर तिने तीन वळणं घेतली, चौथ्याला जीप डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. मनगट मोडलं होतं. जीव वाचला होता.

म्हाताऱ्याने चहाची वाटी खाली ठेवली, शेडमध्ये गेला, बुश खिशात टाकून आला आणि घोड्यावर खोगीर चढवलं. मीही निघाले. माझी बहीण तिथेच कुरणावर तंबू ठोकून होती.

आम्ही पोचलो तेव्हा एस्तेबेस आधीच आला होता. त्याने जीपखालून गिअरबॉक्स काढून लोकरीच्या नमद्यावर ठेवला होता. बुरुलकान शेजारीच दगडावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. लसीच्या बाटल्या तिने ओढ्याच्या पाण्यात ठेवायला लावल्या होत्या आणि डोळा त्यांच्यावरच होता.

"बुश जळून गेलाय, अके," एस्तेबेस म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं. "का, तेच कळत नाही. चकती मी कापली, मीच मोजली."

"चकतीत खोट नाही. जुन्या पिना कुठायत?"

"त्या वाकड्या? त्या तर..." तो बोलता बोलता थांबला. मग त्याचे कान लाल झाले. "तुमच्या होत्या?"

म्हाताऱ्याने क्लचच्या घराची गोष्ट सांगितली, थोडक्यात. एस्तेबेसने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही सांगायचं होतं ना, अके!"

"तू विचारायचं होतंस. दुकानापुढे सांगण्याआधी."

"चुकलं माझं," एस्तेबेस म्हणाला. एवढंच. लगेच, सरळ. म्हातारा हे ऐकायला तयार नव्हता. तो भांडायच्या तयारीने आला होता.

तेवढ्यात बुरुलकान म्हणाली, "जूमार्त अके, आवाज येत होता का आधी?"

म्हातारा खोटं बोलू शकला असता. "येत होता," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मी रोज तुमच्या दारावरून जात होते. रोज हात करत होते."

म्हाताऱ्याने खिशातून बुश काढून नमद्यावर ठेवला. ते आणखीच वाईट झालं, कारण तो चकचकीत, तयार बुश पाहून तिला सगळं कळलं. ती उठून तंबूत गेली. माझ्याकडेही तिने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढे दोन दिवस ते दोघं त्या गाडीखाली होते. एस्तेबेसकडे मापाचं एक घड्याळ होतं. फ्लायव्हीलला लावून इंजिन हाताने फिरवलं की क्लचचं घर मध्यापासून किती सरकलंय ते काट्यावर दिसायचं. म्हाताऱ्याने ते हातात घेतलं आणि नवी सून जावेच्या कानातल्याकडे बघते तसा बघत राहिला. बावीस वर्षांपूर्वी हेच काम त्याने कागदाच्या पट्ट्या आणि बोटाची चिमूट यांच्यावर केलं होतं.

दोन बोल्टांचे गुळगुळीत दांडे कापून म्हाताऱ्याने त्यांच्या पिना घासायला घेतल्या. एस्तेबेस काटा बघायचा.

"बारा रेघा."

कानस चालायची.

"पाच. थांबा, अके, उलट्या बाजूला जातंय."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. काटा म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी काटा एका रेघेवर आला. बॉक्स वर चढवताना दोघांनी खांदा लावला, बुशात शाफ्ट शिरला तो धक्का न मारता. एस्तेबेसने जीप ओढ्यापर्यंत नेऊन आणली, चारही गिअर टाकून. म्हातारा डोळे मिटून उभा होता. शिट्टी नव्हती.

बुरुलकानने एस्तेबेसला जीप चालवायला बसवलं आणि उरलेल्या कळपांकडे निघाली. आम्हाला 'चला' म्हणाली नाही. आम्ही घोड्यावरून परतलो. निम्म्या वाटेत म्हातारा म्हणाला, "एस्तेबेसने माफी मागितली बघ कशी. पाणी प्यावं तशी."

"मग तुला बरं वाटायला हवं."

"नाही वाटत. त्याच्याकडे घड्याळ आहे, आणि ते पण आहे."

पानगळीपर्यंत बुरुलकान आमच्या दारावरून जाताना समोर बघत गेली. हिवाळ्यात एस्तेबेसच मात्र एक दिवस बर्फावरून घसरगाडीवर गिअरबॉक्स लादून आमच्या अंगणात आला. "अके, मला काही ऐकू येत नाही, पण यात काहीतरी आहे. हाताने फिरवून ऐका आणि सांगा." म्हाताऱ्याने ऐकलं, सांगितलं. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी बोलावणं येतं. तो जातो, आणि परतल्यावर निदान दोन चुका काढल्याचं मला ऐकवतो. चुका नसतील तेव्हा गप्प बसतो, आणि त्या दिवशी त्याला जेवण जात नाही.

एप्रिलमध्ये बुरुलकानची जीप आमच्या फाटकाशी थांबली. ती आत आली, चाव्या टेबलावर ठेवल्या, चहा प्यायली. "क्लच जरा वर धरतोय," एवढंच म्हणाली आणि मेंढ्यांकडे चालत गेली.

म्हातारा दोन दिवस जीपखाली होता. ती गाडी घेऊन गेल्यावर मी विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"काही नाही." त्याने हात पुसले. मग म्हणाला, "म्हातारे, हिने गाडी आधी एस्तेबेसकडे तर नेली नसेल? त्याने नको म्हटल्यावर इकडे आली असेल तर? जरा दुकानात विचारून बघ."

"माझी जीभ त्या दुकानात साबण मागते तेवढीच. तूच जा."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, फाटक उघडलं आणि तिसऱ्या घराकडे खरोखरच विचारायला निघाला.