नितीनच्या लॅपटॉपची उघडी लाईन

हे किस्से शपथेवर खरे आहेत. आता कंपनीतल्या गोष्टी एकदा रोह्याच्या स्टँडवर आणि एकदा पेणच्या एसटीत सांगून झाल्या की त्यांच्या अंगावर थोडं मांस चढतंच. तेव्हा शपथ राहू द्या. पण माणसं खरी आहेत. बहुतेक.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. धाटावची आमची केमिकल कंपनी. कॉम्प्युटर सेक्शनमध्ये मी आणि पेणचा नितीन. नितीन प्रोबेशनवर, आणि त्याचं मन खांब गावच्या गोमाकाकांच्या मुलीवर. गोमाकाका आमच्याच कंपनीत पाइपलाईनचे फिटर. त्यांनी स्वच्छ सांगितलेलं, "पोरगा चांगला हाय. परमनंट झाला की बोलू."

* * *

नितीनने लॅपटॉपवर लिनक्स टाकलं होतं. कार्डाची खाच एकच. वायरचं नेटवर्क हवं तर एक कार्ड, बिनवायरचं हवं तर ते उपसून दुसरं. कार्ड घातलं की लॅपटॉप शिट्टी द्यायचा. दोन सारख्या शिट्ट्या म्हणजे जमलं, दुसरी खालच्या सुरात आली म्हणजे बोंबललं. हळूहळू आख्ख्या शिफ्टला ही भाषा कळायला लागली. खालची शिट्टी वाजली की बाहेरून कुणीतरी हाक द्यायचा, "नितीनशेठ, लग्न पुढं गेलं!"

* * *

बिनवायरचं नेटवर्क प्लँटमध्ये नीट पोचेना, मधे सगळ्या लोखंडी टाक्या. झकास पोचायचं ते कँटीनमध्ये. त्यामुळे नितीन सदानकदा तिथे. एकदा मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"टेस्टिंग, सर."

साहेबांनी कीबोर्डवरून वड्याचा तुकडा उचलला. "आणि हे?"

"तेही, सर."

* * *

मग साहेबांनीच परीक्षा ठरवली. ऑफिसात वायरवर टाकीचं तापमान दाखवायचं, मग प्लँटमध्ये जाऊन बिनवायरनं तेच दाखवायचं. जमलं तर परमनंट, नाहीतर नमस्कार.

ऑफिसात तापमान दिसलं. नितीनने कमांड देऊन नेटवर्क बंद केलं, कार्ड उपसलं, वायर टेबलावर सोडली. आम्ही प्लँटमध्ये गेलो. दुसरं कार्ड घातलं. पहिली शिट्टी वर. दुसरी खाली.

या वेळी कुणीच हाक दिली नाही.

साहेब म्हणाले, "परत वायरवर तरी येतं का बघू."

ऑफिसात आलो तर वायरच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचा. वर लाल टॅग: 'लाईन बंद. हात लावू नये.' शेजारी गोमाकाका फडक्याला हात पुसतायत.

नितीनने वायर उचलली. "काका, काय केलंत हे?"

"मंग? लाईन सोडलीस नि टोक उघडं ठेवून गेलास. आतलं भायेर आलं असतं तर?"

साहेबांनी तो टॅग वाचला. "सोडलेल्या लाईनचं तोंड बंद करा, टॅग लावा, म्हणून मी इथे वर्षानुवर्षं घसा फोडतोय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं. कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

गोमाकाकांनी नितीनच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"याच्याच, साहेब. लई कडक हाय पोरगा."

नितीन परमनंट झाला. हळद खांबला लागली.

आता खोटं काय ते सांगतो. ती लांबी माझ्या पदरची. काकांनी सिमेंट लावलं होतं.