टेबलावरचं निरांजन

फोन आला तेव्हा मी चर्चमधली पेटी पुसत होते. "मंदाताई, हे गेले हो..." शांतावहिनी एवढंच म्हणाल्या. दिवाळीला तीन आठवडे होते. रेव्हरंड मनोहर उजागरे, आमच्या भोरच्या मंडळीचे जुने पाळक, गेले. मी फडकं घेऊन तशीच बसून राहिले आणि मनात पहिलं आलं ते हे, की आता भाऊबीजेला वेल्ह्याला कोण जाणार?

त्यांची माझी ओळख तीस वर्षांची, आणि सुरुवातीला आमचं फार जमायचं, कारण दोघंही सारखेच हट्टी होतो. ते नुकतेच धर्मशिक्षण संपवून आलेले, भर वैशाखात काळा कोट घालून उपदेश करायचे. मी शाळामास्तरीण, रविवारी पेटी वाजवणारी. गीताची चाल गोऱ्या साहेबाच्या देशातून आली तशीच वाजली पाहिजे, एक सूर इकडचा तिकडे व्हायला नको, यावर आमचं एकमत होतं. कुणी टाळ आणले तर आम्ही दोघंही नाक मुरडायचो.

त्याच काळात सोनाबाईने नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला. चर्चमागच्या खोलीत राहायची, माहेर वेल्ह्याकडचं. दिवाळीआधी उजागरे साहेबांनी तिला बजावलं, "यापुढे ओवाळायचं नाही. दिवा मूर्तीपुढे लावतात." तिने मुकाट्याने घरातलं पितळी निरांजन आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. भाऊबीजेला तिचा भाऊ धोंडिबा आला. पाटावर बसला, टोपी सारखी केली आणि वाट बघत राहिला... ताट आलं, निरांजन आलंच नाही. तो न जेवता उठला, तो पुन्हा आला नाही. साहेबांनी त्या निरांजनात टाचण्या ठेवायला सुरुवात केली. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आणि लाज वाटते.

मग एकदा साहेबांच्या मुलीचा वाढदिवस झाला. केक आला, मेणबत्त्या लागल्या, पोरीने फुंकर मारली, आम्ही टाळ्या वाजवल्या. सोनाबाई बशा विसळत होती. तिने सहज विचारलं, "साहेब, ह्यो दिवा कुठल्या देवाचा?"

"देवाचा नाही गं, वाढदिवसाचा."

"मंग माझा तरी कुठं देवाचा व्हता? भावाचाच व्हता की."

साहेब केक न खाताच आत गेले. दुसऱ्या दिवशी निरांजनातल्या टाचण्या काढलेल्या होत्या. त्या रविवारी त्यांनी भर उपासनेत आपली चूक कबूल केली आणि सोनाबाईची क्षमा मागितली. बायबलमध्ये जे आहे आणि गोऱ्या साहेबाच्या घरात जे पाहिलं, ते मला वेगळं करता आलं नाही, असं म्हणाले. कोट गेला, टाळ आले. मी दोन महिने रुसले आणि मग ओवीच्या चालीवर पेटी धरायला शिकले, सांगते कुणाला!

निरांजन त्यांनी तिला परत देऊ केलं, पण तिने घेतलं नाही. "ओवाळायचं कुनाला?" म्हणाली. तेव्हापासून दर भाऊबीजेला साहेब पहाटेच्या एसटीने धोंडिबाला आणायला जायचे. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "तुमी तिचा देव बदलला, त्येचं आमाला काय न्हाई. पर आमची भन का नेली?" साहेब पुढच्या वर्षी पुन्हा गेले. पुढे तो चहा द्यायचा, जेवणाचं विचारायचा, एसटीपर्यंत सोडायला यायचा. गाडीत मात्र बसायचा नाही. "अहो, आता पुरे करा," मी कितीदा म्हटलं. ते म्हणायचे, "त्याला उठवलं मी, तर बोलवायलाही मीच गेलं पाहिजे."

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. आवाज खोल गेला होता. "येशू या डोंगरात अनवाणी चालला असता, मंदाताई. कोट मी चढवला त्याला..." मग म्हणाले, "धोंडिबा येईल का हो?" "येईल," मी म्हटलं. खोटंच म्हटलं.

या भाऊबीजेला मी वहिनींना सोबत म्हणून त्यांच्याकडे गेले होते. दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. "साहेब हायती का? औंदा आलं न्हाईत. म्हनलं, आजारी बिजारी पडलं का काय, बघून यावं."

वहिनींनी सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला. पाणी दिलं, ते प्याला नाही. मग टोपी सारखी करत म्हणाला, "बलवा तिला."

सोनाबाई आली. साहेबांच्या टेबलावरून तिने निरांजन उचललं, वात मी वळून दिली. ओवाळून झाल्यावर तो जेवला, दोनदा भात मागून जेवला.

परवा वहिनींकडे गेले तर निरांजन पुन्हा टेबलावर होतं, काळं झालेलं. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच तशीच पडली होती. "घासायला घेतलं होतं," वहिनी म्हणाल्या, "पण म्हटलं, राहू दे. या काजळीसाठी ह्यांनी किती हेलपाटे घातले."