सुभाषच्या कॉम्प्युटरची पिन

मयताच्या फ्रीजरची पिन लावायला घरात दुसरा बोर्ड नव्हता का?

आज माझ्या दिराचा, सुभाषचा, तेरावा. सकाळधरनं सगळे ह्या ग्रुपवर त्याचे फोटू टाकायलाव. आमचे हुशार काका म्हणं.
जित्तेपणी येडा म्हणत होताव.

नात म्हणली, आजी असलं लिहू नको. लिहिते.

परंड्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. तरणा होता तवा एक कॉम्प्युटर आणला. नुस्ता किबोर्ड, टीव्हीला जोडायचा. आत काय ऱ्हात नव्हतं. लाईट गेली की लिहिलेलं सगळं साफ.
आन परंड्यात लाईट कवा जात न्हाय?

हा पुन्हा वही काढून दहा नंबरच्या, म्हंजी पयल्याच, ओळीपासनं सुरू. म्या आकडे वाचायचे, त्यानं दाबायचे. माझी शाळा तिसरी, पण आकडे येतेत.

कशापायी? तर पडद्यावर ठिपक्यांचं फूल उमलायचं. रंग बदलत मधनं कडंला जायचं. बास, एवढंच.

पयल्यांदा लई हळू. एकेक ठिपका रांगत यायचा. म्या म्हणलं, "सगळं कशाला काढतूस? एक कोपरा काढ, बाकीचे तीन तसेच. दारात रांगोळीला म्या काय येगळं करते?"

बघतच बसला. "वैनी, लई उशिरा बोललाव तुमी."

त्या दिवशी ठिपके पळाले.

म्हातारपणी इन्व्हर्टर घेतला. बायको फ्रिजला मागत होती, ह्यानं कॉम्प्युटरला लावला. नवं फूल करायलता. आठ दिवस मशीन बंद केली न्हाय.
"वैनी, रविवारी दाखवतो."

शुक्रवारी गेला.

लेक पुण्याहून येईस्तोवर फ्रीजर आणला. पडद्यावर फूल चालूच होतं. म्या वरडले, त्याला हात लावू नका. बायकांना वाटलं रडायले. धरून आत नेलं मला.

आठ दिवस लाईटीला जे जमलं न्हाय, ते घरच्यांनी पिन उपटून एका झटक्यात केलं.

आता भंगारवाल्याला बोलावलंय म्हणं. येऊ द्या. कॉम्प्युटर टीव्हीसकट माझ्या खोलीत हाय, वही उशाला.

नव्या फुलाचा एकच कोपरा वहीत लिहिलाय त्यानं. बाकीचे तीन त्याला म्याच शिकवलेत.

दहा नंबरची ओळ दाबून झाली. ह्या पिनला कुणी हात लावला तर हात मोडीन.

सुभाष, तुझं दाखवायचं ऱ्हायलं. म्या बघते आता.
जा तू. वैनीचा रामराम.