अण्णाच्या परसातला दिवा

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी अण्णाच्या परसात विजेचा दिवा बसवून घेतला. वायरमन कमरीपेठेतून आला आणि तासाभरात काम करून गेला. संध्याकाळी मी बटण दाबलं. दिवा लागला. त्या डिसेंबरात शेवंती फुलली नाही. जानेवारीत अण्णा गेला.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो चौथीतून शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात लागलेला होता आणि मी पाळण्यात होतो. मला त्यानं शिकवलं. त्याला शिक्षणाचं इतकं अप्रूप होतं, की मी मॅट्रिक झाल्यापासून त्यानं स्वतःचं मत असं ठेवलंच नाही. औषधाची बाटली असो, कुणाच्या सोयरिकीचा कागद असो, नाहीतर घराला कौलं घालायची की पत्रा हे असो, तो माझ्यापुढं बसायचा आणि म्हणायचा, "तू शिकलेला, तू सांग." मला तो तम्मा म्हणायचा. आमच्या हुबळीत धाकट्या भावाला कानडीतून असंच म्हणतात. मी धारवाडला कॉलेजात ग्रंथपाल झालो, केस पांढरे झाले, तरी त्याच्या तोंडी मी तम्माच राहिलो आणि शिकलेलाही राहिलो.

दोनच गोष्टी तो मला विचारत नसे. एक इंजिन आणि दुसरी शेवंती.

शेवंती आमच्याकडं आली छप्पन साली. त्या ऑक्टोबरात अण्णा आणि वस्तीतले आणखी काहीजण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्याच महिन्यात आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. अण्णा म्हणायचा, "धर्म बदलला, राज्य बदललं, माझी पाळी मात्र तीच. सकाळची." मग डिसेंबर आला. ज्यांच्यामुळं आमच्या घरात पाटी-पेन्सिल आली, ते गेल्याची बातमी आली. गल्लीच्या तोंडाशी बाकावर त्यांची तसबीर ठेवली. माणसं नुसती उभी होती. कुणीतरी म्हणालं, फुलं पाहिजेत. कुणाच्याच घरी एक फूल नव्हतं. अण्णा उठला आणि चालत रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांकडं गेला. तिथल्या एका माळ्यानं, कशासाठी ते ऐकून, कुंपणाजवळची पिवळी शेवंती मुळासकट उपटून त्याच्या हातात दिली. अण्णानं फुलं तसबिरीपुढं ठेवली. मुळं घरी आणून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली.

पुढच्या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, बाजारात शेवंतीचे ढीग येऊन संपले; आमच्या डब्यात नुसता पाला. आई म्हणाली, "वांझ आहे, टाकून दे." नोव्हेंबरच्या शेवटी कळ्या दिसल्या आणि सहा डिसेंबरला फुलं होती. जात उशिराची, एवढंच. पण अण्णाला त्यात मोठा भरवसा वाटला. त्या दिवसापासून तसबिरीचा हार आमच्या परसातून जायला लागला. "उशिरा येते," अण्णा म्हणायचा, "पण तारीख चुकवत नाही."

जुन्या हुबळीत आम्ही घर घेतलं ते परसासाठी. पंधरा पावलांचं परस, मागं संडास, कडेला न्हाणी. तिथली माती काळी आणि चिकट. पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. अण्णा इंजिनातली कोळशाची राख जेवणाच्या पिशवीतून आणून मातीत मिसळायचा. वहिनी कुरकुरायच्या. "भाकरीच्या फडक्याला राख, राखेला भाकरीचा वास. ह्यांचं काही कळत नाही बघा, भावजी." पण त्या राखेत शेवंतीनं असं काही बळ धरलं, की चार डब्यांतून ती वाफ्यात उतरली, वाफ्यातून फरशीच्या फटीत शिरली, एका वर्षी तर न्हाणीच्या मोरीतून बाहेर आली. जमिनीखालून तिचे फुटवे कुठं निघतील ते सांगता यायचं नाही.

जूनमध्ये अण्णा फुटवे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि गल्लीत वाटायला निघायचा. "न्या, नाहीतर ही आम्हाला घराबाहेर काढेल." पहिली काही वर्षं लोकांनी हौसेनं नेले. मग गोणपाट दिसलं की दारं लोटली जायला लागली. समोरच्या शांतव्वा दारातूनच हात जोडायच्या, "बेडप्पा, साकु! नको बाबा, पुरे! तुझी शेवंती झाली, आता आम्हाला निजायला तरी जागा ठेव." अण्णा हसायचा आणि पायरीवर एक फुटवा ठेवून पुढं जायचा. शांतव्वा तो लावायच्याच. अशानं आमच्या गल्लीत, विहाराच्या कुंपणाला, पलीकडच्या दर्ग्याच्या वाटेवर, सगळीकडं तीच पिवळी शेवंती झाली.

त्याची एक सवय मला खटकायची. तिन्हीसांजेनंतर तो कुणाला कंदील घेऊन परसात जाऊ देत नसे. जावंच लागलं तर वात खाली करायला लावायचा. "झाडं झोपलीत. दिवसभर उभी असतात, रात्र तरी त्यांची त्यांना असू दे." मी तेव्हा कॉलेजात नवा होतो. मी म्हणालो, "अण्णा, असल्या समजुती आपण सोडल्या ना? दीक्षा कशाला घेतलीस मग?" तो एकदम ओशाळला. कंदिलाकडं बघत म्हणाला, "हो, ते पण खरं." त्यानंतर माझ्यासमोर त्यानं ते वाक्य उच्चारलं नाही. वात मात्र खाली करत राहिला.

निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांत साखरेनं त्याचे डोळे नेले. उजेड कळायचा, माणूस आवाजावरून. रात्री तीनतीनदा उठावं लागायचं आणि संडास परसाच्या टोकाला. जुलैमध्ये तो पायरीवरून पडला. अंगठ्याला खोक पडली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा लागलं तर पाय जाईल. मी पुढच्याच महिन्यात वायरमनला घेऊन आलो.

खांबावर दिवा चढवता चढवता वायरमन म्हणाला, "अण्णा, आता तुमच्या शेवंतीला रोजच दिवाळी की!"

अण्णा खाटेवर बसला होता. त्यानं विचारलं, "दाराकडं नाही का लावता येणार? जरा अलीकडं?"

"अलीकडं लावून काय उपयोग? उजेड तिकडं पाहिजे," मी म्हणालो. "रात्रभर चालू ठेवायचा. तू पडलास तर?"

अण्णानं खांबाकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "बरं. तू शिकलेला, तू सांग."

मी दर रविवारी धारवाडहून यायचो. सप्टेंबरात एका सकाळी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, तुम्ही सांगा ह्यांना. मी झोपले की हे दिवा बंद करतात. भिंत चाचपत जातात." मी अण्णाला बोललो. जास्तच बोललो. वहिनींच्या देखत म्हणालो, की तुला पाय कापून घ्यायचाय का, मग खुशाल अंधारात हिंड. तो लहान मुलासारखा खाली बघत होता. "चुकलं," म्हणाला. मी त्याच दिवशी वायरमनला बोलावून बटण तिथून काढायला लावलं आणि आत मीटरजवळ, त्याचा हात पोचणार नाही इतकं वर बसवून घेतलं.

ऑक्टोबर गेला. शेवंती कधी नव्हती इतकी माजली. कमरेएवढी उंच, गर्द हिरवी, चहूकडं फुटवे. कळी एकही नाही. नोव्हेंबरही तसाच चालला. अण्णा रोज सकाळी खुरडत जायचा आणि बोटांनी शेंडे चाचपायचा. तो आंधळ्यासारखा बघत नसे. कारखान्यात स्क्रूचे आटे तपासावेत तसा बघायचा. मग मला विचारायचा, जे त्यानं इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "काय असेल, तम्मा?"

मी उपाय आणत राहिलो. सुभाष रोडवरच्या दुकानातून हाडांचं खत आणलं. कडुनिंबाचं पाणी मारलं. पाणी तोडलं, मग पुन्हा दिलं. अण्णानं सगळं करू दिलं. त्याआधी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी आलो तर तो एक फुटका डबा छातीशी धरून न्हाणीच्या मागं निघाला होता.

"तिकडं कशाला? तिकडं ऊन कमी," मी म्हणालो.

"असू दे. एक तिकडं."

"अरे, पण का?"

"असंच. इरली बिडो." असू दे, सोड. कानडीत शिरला की त्याचं बोलणं संपलं, हे मला माहीत होतं.

सहा डिसेंबर आला. गल्लीत सगळ्यांकडं शेवंती फुलली होती. तीच जात, त्याच फुटव्यांची. शांतव्वांनी परातभर आणून दिली. शेजारचा पेंटर ओंजळ भरून आला आणि हसत म्हणाला, "काय अण्णा, लेकी सगळ्या नांदायल्यात, माहेरच ओस पडलं की!" लोक हसले, अण्णाही हसला. हार वहिनींनी केला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला. मग सदऱ्याच्या खिशातून चार फुलं काढून हारावर ठेवली. मी विचारलं, ही कुठली? "न्हाणीमागची," तो म्हणाला. मला वाटलं, चला, निदान चार तरी आली. वीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला एवढंच वाटलं.

त्या महिन्यात अंगठ्याची जखम चिघळत वर चढली. इस्पितळातून परत आणला तेव्हा आम्हाला सगळं माहीत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. खाट परसाच्या दाराशी टाकली. त्यानं विचारलं, "कळी आली का बघ." मी जाऊन बघून आलो. म्हणालो, "आल्यात एक-दोन."

"खोटं बोलू नको, तम्मा. तुला जमत नाही." मग म्हणाला, "येईल ती. उशीर होईल, एवढंच."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. वहिनींना रात्री उठावं लागत नसे. परसातला दिवा बंद झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पेन्शनच्या कागदांसाठी हुबळीला गेलो. मागचं दार उघडलं. परस पिवळं झालं होतं. वाफे, डबे, फरशीच्या फटी, मोरीचं तोंड. मला आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

"आठ दिवस झाले," वहिनी मागून म्हणाल्या. "तुम्हाला कळवावं की नको, ठरेना."

"आता कशी आली? ह्या दिवसांत?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दिव्यानं, भावजी. ह्यांनी मला सांगितलं होतं. तुम्ही बटण काढलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, तिला रात्र मिळत नाही. मी म्हणाले, मग सांगा की भावजींना. तर म्हणाले, नको. तो एवढ्या धडपडीनं करतोय, वर पुन्हा त्याला चुकलास म्हणू? राहू दे. एक डबा तेवढा न्हाणीमागं अंधारात ठेवतो आणि बघतो."

"तुम्ही तरी दिवा मालवायचा."

"मालवला असता," वहिनी म्हणाल्या. "आणि पडले असते तर?"

अण्णा उठेल तेव्हा दिवा लावायचा आणि परत आला की मालवायचा, इतकं साधं होतं ते. पण ते साधेपण त्याच्या हाताच्या उंचीवर असलेल्या एका बटणात होतं, आणि ते बटण मी वर नेलं होतं.

धारवाडला परतल्यावर मी ग्रंथालयात बागकामाच्या कपाटापुढं उभा राहिलो. तिसऱ्याच पुस्तकात सापडलं. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. रात्री उजेड पडला तर ती वाढते, पसरते, फुलत नाही. दोन ओळी होत्या. पुस्तकावरचा क्रमांक माझ्या हातचा होता. मागच्या कागदावर एकही तारीख नव्हती. ते कुणी कधी नेलंच नव्हतं. अण्णाला हे कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तो नुसता बघत आला होता, आणि मी त्याला समजूत म्हणालो होतो.

वहिनी पुढं सहा वर्षांनी गेल्या. घर विकलं. घेणाऱ्यानं परसात फरशी घातली. त्याआधी मी गोणपाट भिजवून फुटवे काढले आणि धारवाडला आणले. मला अण्णासारखे वाटता येत नाहीत. लोकांच्या दारात जाऊन मी अवघडतो. फाटकाबाहेर डबे ठेवतो, ज्याला हवे तो नेतो. कधी कुणीच नेत नाही. मग वाफ्याबाहेर आलेले उपटून टाकावे लागतात, आणि ते माझ्याच्यानं होत नाही.

आता मलाही रात्री दोनदा उठावं लागतं. मुलगा म्हणतो, मागं एक दिवा लावून घेऊ. मी नको म्हणतो. तो कारण विचारतो, मी सांगत नाही.

घरामागं शेवंतीचा एक वाफा आणि अकरा डबे आहेत. बाहेर दिवा नाही. मी भिंत धरून जातो.