दोन झेंड्यांची खिडकी

घरात त्याला सगळे पंडित म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त. शेजारच्या देशाशी आपलं सरकार कसं वागतं, हा त्याच्या संशोधनाचा विषय. घरात दोन माणसांचं वाजलं की मात्र हाच पुस्तक तोंडासमोर धरून बसायचा.

नव्या पुस्तकासाठी त्याला सरहद्दीवरच्या नाक्याची आतली हकीकत हवी होती. साहेब लोक ताकास तूर लागू देईनात. शेवटी बोलले ते भाऊजी, त्याच्या ताईचे यजमान. ते त्या नाक्यावर कारकून होते. दोन सरकारांची बोलणी फिसकटली की वरून नुसता फोन येतो, लेखी काही नाही. मग ट्रक अडवायचे, फळं सडायची आणि ड्रायव्हरांच्या शिव्या कारकुनाने खायच्या.

"माझं नाव येणार नाही ना रे, पंडित?" भाऊजींनी एवढंच विचारलं.

"नाव सोडा भाऊजी, तुमची सावलीसुद्धा दिसणार नाही."

त्याने नाव गाळलं, वय बदललं, हुद्दाही बदलला. पण एका वाक्यावर त्याचा फार जीव होता. 'त्याच्या टेबलाजवळच्या खिडकीतून दोन्ही देशांचे झेंडे दिसतात.' ते त्याच्याने खोडवेना. विद्वानांना आपल्या वाक्याचा जसा लळा लागतो, तसा पोटच्या पोराचाही लागत नसावा.

पुस्तक गाजलं. एका परीक्षणात नेमकं ते खिडकीचं वाक्य छापून आलं, आणि पंडिताचे पाय जमिनीवर ठरेनात. मग ताईचा फोन आला.

"यांना घरी बसवलंय. अख्ख्या नाक्यात तसली खिडकी एकच आहे म्हणे. चौकशी लागलीय. तू लिहून दे ना, तो माणूस हे नव्हेत म्हणून."

तो लिहायला बसला. नव्हेत म्हणावं, तर ते धडधडीत खोटं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्या खिडकीत बसतं कोण? गप्प राहावं, तर चौकशीवाले ते 'हो'च धरणार. इकडे आड, तिकडे विहीर. विद्यापीठातल्या त्याच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "माहिती देणाऱ्याबद्दल आपण चकार शब्द काढायचा नाही, हा नियम आहे. त्याच्याच संरक्षणासाठी." पंडिताला हसावं की रडावं कळेना. हा नियम तो स्वतःच दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होता.

रविवारी तो ताईकडे गेला. तिने चहा ठेवला, त्याच्याकडे पाहिलं नाही. भाऊजी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून त्याचं पुस्तक वाचत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छान लिहिलंस रे," भाऊजी मान वर करून म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. "खिडकी अगदी तशीच आहे."

"भाऊजी, मी..."

"ते जाऊ दे. सरकार कसं वागतं, हा तुझा अभ्यास ना? मग सांग, माझं आता काय करतील?"

ताईनेही आता पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. पंडिताला खरंच माहीत नव्हतं.