चेंबरवरच्या फरशा

देवरूखकडून येऊन रत्नागिरीत खानावळ थाटलेल्या विमलाला वरच्या मजल्यांवरच्या बिऱ्हाडांबद्दल आदर असा फारसा कधी नव्हताच. जो थोडाफार होता, तो एका दुपारी मोरीच्या पाण्यात गेला.

खानावळ भरलेली, ताटांत बांगड्याचं तिखलं वाढलेलं, आणि मोरीतून काळं पाणी गुडगुडत उलटं वर आलं. संडासही भरला. गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून अर्ध्या जेवणावरून उठली. विमला पदर खोचून घाण उपसायला बसली. वरची मंडळी जिन्यातून नाकं दाबून बघत होती. सोसायटीचा अध्यक्ष हर्षद, ज्याचं साड्यांचं दुकान खानावळीला लागूनच होतं, तो पायरीवरूनच म्हणाला, "वहिनी, तुमच्याच खानावळीचं तेल तुंबलं असणार."

विमलाने मान वर केली. जळकं तेल ती डब्यात साठवायची. मोरीला जाळी होती, चिकटा अडवणारी टाकी ती स्वतःच्या हातांनी साफ करायची. ह्याच हर्षदची बायको आजारी होती तेव्हा इथूनच पेज वर जात होती.

"चेंबर उघडा," ती म्हणाली.

"आता कसं उघडणार? वर नव्या फरशा घातल्यात."

अंगण चकाचक दिसावं म्हणून ह्या शहाण्याने गटाराचं झाकणच गाडून टाकलं होतं. सभेत विमलाने विरोध केला, तेव्हा सगळे तिला हसले होते.

ती आतून पहार घेऊन आली. हर्षद "अहो, अहो" करेपर्यंत फरशीचे तुकडे उडाले. झाकण निघालं. विमलाने काठीने एकेक वस्तू बाहेर ओढली: डायपर, पॅड, चिंध्या, मुलांना पुसायचे वाइप्स. सगळं तिने उरलेल्या चकचकीत फरशांवर मांडलं.

"बघा ओ! मी मासे रांधते. डायपर नाय रांधत!"

दारं लागत गेली. माफी मागायला एकाचीही जीभ वळली नाही, आणि विमलाचीही तशी अपेक्षा नव्हती.

तिने पूर्णगडच्या जुनेद प्लंबरला बोलावून आपल्या पाइपवर झडप बसवून घेतली. आतलं पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत शिरणार नाही. "पण बाहेर तुंबलं की तुमचंपण पाणी जायचं नाय, काकी. तेवढा वेळ नळ बंद ठेवा," जुनेदने बजावलं. वरचे सुधारतील ही आशा तिने सोडलीच होती.

सुधारले नाहीतच. पावसाळ्यात चेंबर पुन्हा भरलं. विमलाच्या मोरीत थेंब आला नाही. तिथली वाट झडपेने अडवली, म्हणून घाण निघाली ती हर्षदच्या दुकानातल्या संडासातून, आणि खालच्या फळीवरच्या साड्या भिजल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो दारात आला.

"वहिनी, तो प्लंबर कोण हो तुमचा?"

विमलाने नंबर सांगितला. तरी तो घुटमळला. ही उपसायला येईल असं वाटत असावं त्याला. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं, कोपऱ्यातला खराटा उचलून त्याच्या हातात दिला आणि ती भात वाढायला आत वळली.