कावीळ सांगणारे कंपाउंडर

"उजेडात आना!"

सोनाळ्यात कुणाकडे बाळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून ही हाक यायची आणि आतल्या बायका कपाळाला हात लावायच्या. दवाखान्यातले कंपाउंडर आलेले असत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून ते उंबऱ्याबाहेरच थांबत. कुणीतरी कुरकुरत दुपट्यातलं बाळ दारापाशी आणी. कंपाउंडर धोतराला अंगठा पुसत, बाळाच्या नाकाचा शेंडा हलकेच दाबत, अंगठा उचलत आणि खालचा रंग बघत.

"कावीळ येनार. येनार म्हंजे येनार. रोज सकाळी असं पाह्यत जा, अन् दर दोन घंट्यानं छातीले लावा."

छातीला! परक्या पुरुषाच्या तोंडून, भर अंगणात! म्हाताऱ्या तोंडाला पदर लावत आणि तो गेल्यावर दिवसभर त्याचा उद्धार करत.

तुमच्याही गावात असा एखादा अशुभ बोलणारा असेलच. आमचा सरकारी होता, एवढाच फरक. तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या जोडीनं नागपूरहून चाले आणि तान्ह्या बाळाचा कारभार त्याच्या आजीकडून. दोन्हीकडे कुणाचा अर्ज चालत नसे. आजीच्या कायद्याप्रमाणे खोलीची दारं-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, वर धूर. पहिले तीन दिवस आईचं चिकाचं दूध काढून टाकायचं आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवायचं. त्या अंधारात बाळ हिरवं झालं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

कंपाउंडरांचं भविष्य मात्र कधी चुकत नसे. बाळ पिवळं पडलं तर, "म्या सांगतलं नोतं?" नाही पडलं तर, "दूध पाजलं म्हनून टळली." असा ज्योतिषी हरणार कसा? बहुतेक बाळं ठणठणीतच राहत. काही थोडी पिवळी पडत आणि आपोआप निवळत. चावडीवर लोक त्यांना 'कावीळबुवा' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. शाळामास्तर होतो ना मी, गावाला शहाणं करणं माझ्याकडे होतं.

एकदा पाटलांनी तक्रार केली. डॉक्टरसाहेबांनी लेखी हुकूम काढला की निरोगी अर्भकांस न झालेला रोग सांगू नये. कंपाउंडरांनी तो कागद दोनदा वाचला, त्याचे सारखे चार तुकडे केले आणि त्यांत कुनैनच्या पुड्या बांधल्या. हुकूम गावात पोचला तो तेवढाच.

मग माझी थोरली जन्मली. ठरल्याप्रमाणे हाक आली. माझी आई दारातूनच म्हणाली, "पोरगी चांगली आहे बापा. तुमची कावीळ तुमच्यापाशी ठेवा." मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो. कंपाउंडर एकदा माझ्याकडे बघून निघून गेले.

चौथ्या दिवशी घरात बायकांची रीघ लागली. अंधारात दिवा जवळ धरून त्या म्हणत, "काय रंग आहे वं! पोरगी सोन्यावानी आहे!" आमच्या घराण्यात सगळे काळेसावळे, त्यामुळे आई हरखून गेली होती. "अन् गुनी किती! रडतही नाही, नुसती झोपून राह्यते." मलाही ताठा चढला. शाळेत सांगून झालं, मग खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेलो तेव्हा मुद्दाम कंपाउंडरांना सांगितलं, "आमची पोरगी पाहायला या. बायका सोनं म्हणतात तिला."

त्यांच्या हातातली बाटली खाली पडली. रोग्यांची रांग तशीच सोडून ते अनवाणी धावत सुटले. मी मागोमाग. त्या दिवशी त्यांनी उंबऱ्याबाहेरून हाक दिलीच नाही. सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरले. आई किंचाळली. त्यांनी पोरीला उचलून अंगणात उन्हाच्या उजेडात आणलं. नाकावर अंगठा दाबला, मग छातीवर, पोटावर, मांडीवर. जिथं अंगठा उचलला तिथं हळदीसारखं पिवळं होतं. चार दिवसांत मी तिला उजेडात पहिल्यांदाच बघत होतो.

"आली," ते म्हणाले. "मास्तर, बाईले उठवा. पोरगी झोपली असन तरी जागी करून पाजा. गुळाचं पानी फेका."

पुढचे तीन दिवस रात्र सोडली तर ते आमच्या अंगणात पालथ्या टोपल्यावर बसून असत. दर दोन तासांनी "पाजलं का?" अशी हाक. पहिल्या दिवशी कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आईच आतून म्हणाली, "पाजलं हो, बापा." डॉक्टरसाहेब येऊन गेले; याहून वेगळं काही आपल्या हातात नाही, म्हणाले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेत जाऊन पोरांना पाढे म्हणायला लावी आणि स्वतः खिडकीतून घराकडे बघत बसे.

चौथ्या सकाळी पोरगी भुकेनं अशी रडली की शेजारी गोळा झाले. कंपाउंडरांनी अंगठा लावून पाहिला आणि धोतर झटकून उठले.

मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. म्हटलं, "खरं सांगा, कुणाला येणार हे तुम्हाला आधी कळतं?"

"काही कळत नाही, मास्तर."

"मग सगळ्यांनाच काऊन सांगता?"

"लेकरू चांगलं आहे म्हटलं का कोनी उजेडात नेऊन पाह्यत नाही." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "माह्या पहिल्याचा रंगही सोन्यावानी होता. पाच दिवस साऱ्या गावानं कौतुक केलं. म्याही केलं."

मला फार लाज वाटली. कावीळबुवा हे नाव मी पुन्हा घेतलं नाही, पण गावानं ते सोडलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे वरवट बकालला गेले आणि दोन वर्षांत तिथंच वारले. त्यांच्या जागी आलेला कंपाउंडर तरुण, गोड बोलणारा आणि खरं बोलणारा. बाळ निरोगी दिसलं की निरोगी म्हणून सांगे. गाव त्याच्यावर खूश होतं. कुणाच्या अंगणात हाक नाही, की कुणाची कुरकुर नाही.

ते वारले त्याच वर्षी शेजारच्या सुनेला मुलगा झाला. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. तिसऱ्या दिवशी त्या घरातून दोन बायका बाहेर पडल्या, आणि एक दुसरीला म्हणाली, "काय रंग आहे वं लेकराचा!"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चपला न घालताच शेजारच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

"उजेडात आना!" मी ओरडलो. "कावीळ येनार!"

आतून कुणीतरी म्हणालं, "आता मास्तरलेही लागलं का हे?" मग कडी वाजली, आणि कुरकुरतच कुणीतरी बाळ दारापाशी आणलं. मी धोतराला अंगठा पुसला.